कुत्र्याच्या कागदावरची सही

आमचं तांबडं कुत्रं दीड वर्षाचं. वाळत टांगलेल्या बोंबलांवर एक कावळा बसू द्यायचं नाही. रेबीजचं इंजेक्शन द्यायला त्याला अलिबागला नेलं, तर डॉक्टरांनी मागून चाचपलं आणि म्हणाले, "ताई, याचं एकच वृषण खाली उतरलंय. दुसरं पोटातच अडकलंय. तसंच ठेवलं तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. ऑपरेशन करून दोन्ही काढून टाकू."

घरी सांगितलं मात्र, आमचे हे जेवता जेवता थांबले. "दोन्ही? येडी का खुळी तू? बायल्या करून सोडतील त्याला!"

सासरे म्हणाले, "असलं पाप आपल्या घरात न्हाय व्हायचं."

झालं! पंधरा दिवस तोच विषय. जाळी शिवायला बसलेले सगळे बाप्ये कुत्र्यासाठी हळहळायचे. कुणी म्हणे, आता राखण करणार न्हाय. कुणी म्हणे, नुसता लोळत पडेल. पोटात अडकलेल्या त्या दुसऱ्याचं, कॅन्सरचं नाव कुणी काढेना. मी रोज विचारायची, हे रोज म्हणायचे, "बघू." वीट आला मला त्या 'बघू'चा. उन्हात मासळी वाळवा, रांधा, वर यांची मनधरणी करा. अंगात त्राणच उरलं नव्हतं.

एका दुपारी बोंबील उतरवताना माझंच मला आठवलं. दुसरं बाळंतपण झालं, मी अजून ग्लानीत होते. नर्सने विचारलं, "आता कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून टाकायचं ना?" यांनी हो म्हटलं, सही केली आणि चहा प्यायला गेले. पंधरा दिवस कसले, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. यांचं करायचं का, असं तर कुणाच्या मनातही आलं नाही.

मग मी विचारायचंच सोडलं. दुसऱ्या दिवशी हे बोटीवर गेले आणि मी कुत्र्याला उपाशीपोटी रिक्षात घातलं. डॉक्टरांनी कागद पुढे केला. "मालक नाही आले?"

"मीच मालक," म्हटलं आणि सही केली. 

संध्याकाळी हे आले. कुत्रं ओटीवर टाके घेऊन पडलेलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण हे त्याच्याजवळ बसले, डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "लय दुखत असेल गं याला?"

"दुखतं," मी म्हटलं. "मला महिनाभर दुखत होतं."