तिसऱ्या चौकोनातली पानं

१९५७, मार्चचा दुसरा मंगळवार. आलापल्लीच्या जंगलात हजर: विद्यापीठाने पाठवलेले परीक्षक, चांद्याच्या आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांच्या प्रबंधासाठी हे सगळं चाललं होतं, जंगलखात्याचा नाकेदार, वाट दाखवायला जवळच्या माडिया गावातला एक म्हातारा, आणि वजनकाटा व वही सांभाळणारा मी. एकूण पाच.

प्राध्यापकांचा विषय साधा होता. सागाखाली वर्षभरात किती पान पडतं? त्यासाठी जंगलात दहा बाय दहा फुटांचे पाच चौकोन आखले होते. महिन्यातून एकदा मी मोटररस्त्याच्या बाजूने जाऊन पानं गोळा करायचो, वाळवायचो, तोलायचो. चार चौकोनांची वजनं जवळपास सारखी येत. तिसऱ्याचं दुपटीच्या वर. नाल्याकाठची ओल, जमिनीचा कस, अशी कारणं देऊन प्राध्यापकांनी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. त्यांची डॉक्टरेट त्या प्रकरणावर उभी होती.

पूर्वी प्रबंध तपासायचं काम टपालावर व्हायचं. विद्यापीठ दोन विद्वानांकडे बाड पाठवी, ते घरी बसून वाचत. खाली मोठ्या माणसाची सही असली की शंका घेणं असभ्य समजलं जाई. त्या वर्षी विद्यापीठाने पद्धत बदलली: वह्या पाहू, जागा पाहू, वजन आमच्यासमोर करा. प्राध्यापकांना हा अपमान वाटला. मला बरं वाटलं. वह्या माझ्या होत्या आणि त्यांत एकही खाडाखोड नव्हती.

परीक्षकांनी सकाळी नऊ वाजता तिसरा चौकोन पूर्ण झाडून घ्यायला लावला. मग आम्ही पन्नास पावलांवर बसलो. वारा अजिबात नव्हता. पाखरूही बोलत नव्हतं. पायवाट चौकोनाला खेटून जात होती, पण तिच्यावर कोणी दिसलं नाही.

नाकेदार कंटाळला. "पानं पडते का नाई ते पाहायले एवढ्या दूर आले, सायेब? एक कार्ड टाकायचं होतं. मीच सांगतलो असतो, पडते म्हणून."

परीक्षक हसले, पण घड्याळ हातातच ठेवलं.

अकरा वाजता उठलो. चौकोनात पानं होती. मी मोजली, एकवीस. पडलेलं पान कसंही पडतं. उलटं, मुडपलेलं, तिरकं. ही सगळी सुलटी, एकावर एक, कोपऱ्यातल्या दगडांच्या पायाशी ठेवलेली. मी आमची माणसं मोजली. पाच. जागचं कोणी हललं नव्हतं.

"कोण आलं होतं इथे?" प्राध्यापकांनी नाकेदाराला दरडावलं.

"मले नाई दिसलं कोणी."

म्हाताऱ्याला मात्र नवल वाटलेलं नव्हतं. तो मला म्हणाला, "भाऊ, हे दगड तूच रोवले ना?"

मीच रोवले होते. लाकडी खुंट्यांना वाळवी लागायची, म्हणून चारही कोपऱ्यांना गुडघ्याएवढे दगड उभे केले होते.

"मंग सांग ना, मेलं कोण?"

मला कळेना. मग त्याने समजावलं. त्यांच्या गावात माणूस गेला की त्याच्यासाठी उभा दगड रोवतात. वाटेने जाणारा तो दगड रिकाम्या हाताने ओलांडत नाही, एक पान वाहतो. बाकीचे चौकोन आडरानात होते, कोणाच्या नजरेस पडले नाहीत. हा वाटेवर.

"चार दगड, चार माणसं. वर्ष झालं, गाव पान देऊन राह्यलं. नाव कोणालेच माईत नाई."

"अहो, कोणीच मेलेलं नाही," प्राध्यापक म्हणाले. "ती माझ्या प्रयोगाची खूण आहे."

"कोणीच नाई?" म्हाताऱ्याने चौकोनाकडे पाहिलं. "मंग महिन्याच्या महिन्याले ही पानं कोण नेऊन राह्यलं?"

नेणारा मी होतो. मी वही मिटून काखेत धरली. नाकेदारही हसला नाही.

परीक्षकांनी माझी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. "वजनं बरोबर आहेत. नोंदी उत्तम आहेत," ते म्हणाले. "फक्त ही पानं झाडाने टाकलेली नाहीत." प्राध्यापक तिथेच खाली बसले.

निर्णय झाला: दगड काढून त्या चौकोनाचं पुन्हा वर्षभर वजन करायचं, तोवर पदवी थांबेल. जुन्या पद्धतीत प्रबंध बिनबोभाट पास झाला असता आणि नाल्याकाठच्या सागाची ती चूक पुढच्या पुस्तकांत गेली असती, माझ्या अचूक आकड्यांसकट. निर्णय योग्यच होता.

पण दगड काढायला गावातून कोणी येईना. "नाव सांगा, मंग रीतीनं काढू," म्हातारा म्हणाला. "असाच काढला, तर त्यानं जायचं कुठी?"

एप्रिलमध्ये मी एकटा लोखंडी सब्बल घेऊन गेलो. भर सकाळ होती. पहिल्या दगडाशी टोक लावलं. पायाशी पानांचा ढीग होता. सगळ्यात वरचं टेंभुर्णीचं, हिरवं, देठ ओला. नुकतंच खुडलेलं. वाट दोन्हीकडे लांबवर सरळ आणि रिकामी होती. मी हाक मारली. मग सब्बल खांद्यावर टाकून परत आलो.

याला दोन वर्षं झाली. विद्यापीठाचं पत्र अधूनमधून येतं: दगड कधी काढले ते कळवावे. प्राध्यापक आता विचारत नाहीत, माझ्या टेबलाशी नुसते क्षणभर थांबतात. दर महिन्याच्या यादीत मी ते काम नव्याने उतरवतो: तिसरा चौकोन, दगड चार, काढणे.