फ्यूजच्या जागी तांब्याची तार

पवईच्या चढावर गाडीत धूर झाला तेव्हा बाबा माझ्या शेजारी बसले होते. वय चौऱ्याऐंशी, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. संध्याकाळ होत आली होती म्हणून मी नुकतेच हेडलाइट लावले होते. आधी रबर जळल्याचा वास आला आणि पाठोपाठ डॅशबोर्डखालून पांढरा धूर. लाइट बंद केले तरी धूर थांबेना. गाडी कडेला घेतली, धावत पलीकडे गेले. बाबांच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. ते बाहेरून ओढलं आणि त्यांना अक्षरशः खेचून फुटपाथवर बसवलं. मग डिक्कीतला पाना काढून बॅटरीची वायर सोडवली. तेव्हा कुठे धूर विरला. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. थांबून चौकशी एकानेही केली नाही.

गाडी बाबांची, माझ्याही आधी आमच्या घरात आलेली. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते टूलरूमला होते, ओव्हरटाइम करकरून त्यांनी ती घेतली. यंदा तिला रंग द्यायचा म्हणून माझ्या धाकट्या भावाने ती चारकोपच्या एका गॅरेजमध्ये दिली. तो मालाडला राहतो, गॅरेजवाला त्याच्या ओळखीचा. रंग छान दिला, पण तेव्हापासून हेडलाइटचा फ्यूज सारखा उडायला लागला. दोनदा गाडी परत पाठवली. तिसऱ्यांदा पाठवली तेव्हा भावाचा फोन आला, "ताई, झकास काम झालंय, घेऊन जा." बाबा हट्टाने माझ्याबरोबर आले. मुलुंडला परत येताना वाटेत हा प्रकार.

फुटपाथवर उभी राहून मी फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं. फ्यूजमधली तार मुद्दाम बारीक असते. करंट जास्त झाला की ती वितळते आणि बाकीची गाडी वाचते. हेडलाइटच्या फ्यूजच्या जागी त्या माणसाने चांगली जाड तांब्याची तार पिळून बसवली होती. आता फ्यूज उडणारच नव्हता. जळली असती ती गाडी, आणि आतून न उघडणाऱ्या दारामागे माझा बाप.

गाडी टो करून घरी आणली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून, ती तार पर्समध्ये टाकून मी चारकोप गाठलं. गॅरेजवाला चहा पीत होता. मी तार त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

त्याने नीट पाहिलंही नाही. "मॅडम, जुन्या गाडीत असं चालतं. पूर्ण वायरिंगच बदलायला लागेल. तुम्ही साहेबांना पाठवा ना, मी त्यांना समजावतो."

"कुठले साहेब?"

"तुमचे भाऊ."

"गाडी मी चालवते. मला समजाव."

"तुम्हाला टेक्निकल नाही कळणार, मॅडम. आणि आग लागली तर नाही ना?"

मी इतकी ओरडले की शेजारच्या गाळ्यातली मशीन बंद झाली. काय बोलले ते सगळं आठवत नाही. त्याने माफी मागितली नाही. मी दारात पोचले तोच त्याने खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या भावाला लावला.

भावाने संध्याकाळी मलाच फोन केला. "ताई, काय तमाशा केलास तिकडे? माझी ओळख आहे यार." बाबांना काही झालं का, हे त्याने नंतर विचारलं. मी फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात मी बॉनेट उघडलं. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "तू हात घालू नकोस. तो येऊ दे."

तो म्हणजे भाऊ. आता मात्र माझा तोल गेला. लहानपणी याच आवारात बाबा गाडीखाली झोपून काम करायचे. ते भावाच्या हातात पाना द्यायचे, माझ्या हातात टॉर्च. तो दहा मिनिटांत कंटाळून क्रिकेट खेळायला पळायचा. मी शेवटपर्यंत उभी असायचे. "टॉर्च हलवू नको," यापलीकडे मला कधी एक शब्द सांगितला नाही.

"तो काय करणार येऊन?" मी म्हणाले. "त्याला फ्यूजबॉक्स कुठे आहे तेही माहीत नाही. तुम्ही त्याला शिकवत होतात, बाबा, आणि बघत मी होते."

बाबा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मी कामाला लागले.

जळालेला तुकडा कापून नवी वायर जोडली, बॅटरीही परत जोडली. दोन्ही हेडलाइटचे बल्ब काढून ठेवले. फ्यूजच्या जागी दोन वायरींचा एक साधा बल्ब लावला आणि लाइटचं बटण दाबलं. आता हेडलाइटकडे करंट जायचं कारणच नव्हतं, तरी माझा बल्ब भक्कन पेटला. म्हणजे वायर कुठेतरी गाडीच्या पत्र्याला टेकत होती. मी एकेक वायर हाताने हलवत पुढे सरकले. डाव्या दिव्याच्या मागे पत्र्याला भोक आहे, तिथली वायर उचलली आणि बल्ब विझला. सोडली, पुन्हा पेटला. भोकात एक रबरी रिंग असते, वायर पत्र्याच्या धारेवर घासू नये म्हणून. रंग मारताना त्यांनी ती काढली आणि बसवलीच नाही. एवढीशी रिंग! तेवढ्यासाठी तो माणूस मला पूर्ण वायरिंग विकत होता.

नवी रिंग, वायरीवर टेप, खरा फ्यूज, बल्ब परत जागेवर. दिवे लागले आणि लागलेले राहिले. बाबा उठून आले, वाकून ते भोक पाहिलं, रिंग बोटाने दाबून पाहिली. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

दुपारी जेवताना त्यांनी भावाला फोन लावला. "लाइट झाले रे व्यवस्थित," त्यांनी सांगितलं. कोणी केले ते सांगितलं नाही. स्पीकरवरून भावाचा आवाज आला, "बघा, मी म्हटलं होतं ना, माणूस चांगला आहे!"

मी बाबांच्या हातातून फोन घेतला. "मी केले," म्हणाले. "आणि गाडीची चावी यापुढे माझ्याकडे राहील. तुझ्या ओळखीचा कोणी तिला हात लावणार नाही."

तो आधी हसला, मग रागावला. अजून नीट बोलत नाही. आई म्हणते, एवढ्याशा दिव्यांवरून भावाशी कुठे भांडायचं. गाडीची दुसरी चावी बाबांच्या कपाटात होती, तीसुद्धा त्यांनी त्या आठवड्यात माझ्या टेबलावर आणून ठेवली. राग माझा अजून गेलेला नाही. बाबांवरचाही नाही.