येरवडा-रिटर्न आत्या

आमच्या सौ.च्या आत्यांइतकं स्वतःचं वेड ताठ मानेनं मिरवणारं माणूस साऱ्या पुण्यात दुसरं झालं नसेल, आणि ज्या शहरात प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याच्या वेडाची खात्री असते तिथे ही साधी गोष्ट नव्हे. त्यांची माझी पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. सासरे घराण्याची माहिती देत होते, कोण इंजिनिअर, कोण बँकेत. तेवढ्यात आत्या पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आल्या. "दादा, मुख्य गोष्ट सांगायची राहिली," असं म्हणून त्या माझ्या आईकडे वळल्या. "अहो, आमच्या घराण्यात वेडाचं एकच उदाहरण आहे, ते म्हणजे मी. तरुणपणी काही महिने येरवड्याला होते. गोळ्या अजून चालू आहेत. पोह्यांवर लिंबू पिळू?" सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आई बशी पुढे करत म्हणाली, "पिळा की." लग्न तिथेच ठरलं असं माझं मत आहे.

तेव्हा पेठेत घरटी एक मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जाऊन आलेला असे. आईबाप त्याचं कौतुक सांगू लागले की आत्या मन लावून ऐकत आणि शेवटी म्हणत, "छान. मी येरवडा-रिटर्न." लग्नाच्या पंगतीत त्या आपली गोळी सगळ्यांदेखत पाण्याबरोबर घेत. एकदा शेजारचे गृहस्थ ब्लडप्रेशरची गोळी पंच्याआड लपवून घेऊ लागले, तर आत्या म्हणाल्या, "लाजता काय? मी डोक्याची घेते, तुमची तर साधी रक्ताची आहे." आत्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. कॉम्प्युटर आले, विद्यार्थी गेले, आणि त्या खोलीत उरली ती नुसती लाकडी स्टुलं. त्या स्टुलांवर दर बुधवारी संध्याकाळी आत्या माणसं जमवू लागल्या: कुणी भलतेच आवाज ऐकू येणारे, कुणी महिनोन्‌महिने न हसलेले, कुणी नुकतेच दवाखान्यातून सुटलेले. नियम एकच. आपली हकिकत सांगायची, सल्ला द्यायचा नाही. जो सल्ला देईल त्याने सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. मी तिथे मदतीला म्हणून जायचो आणि प्रत्येक वेळी मोरीवर पोचायचो. एकदा आत्यांचे डॉक्टर पाहुणे म्हणून आले आणि सवयीने म्हणाले, "तुम्ही रोज सकाळी फिरायला..." आत्यांनी बोट दाखवलं, "डॉक्टर, मोरी तिकडे." ते हसत हसत उठले. त्यांच्यामाघारी मात्र आत्या बजावत, "गोळी त्यांची, सोबत आपली. एकाचं काम दुसऱ्याने करायचं नाही."

हे सगळं मला गमतीचं वाटायचं, माझा धाकटा भाऊ सुहास आजारी पडेपर्यंत. तो आयटीत होता आणि मांजरी या पुण्याच्या उपनगरात आमच्याच फ्लॅटमध्ये राहायचा. मंदी आली, त्याचं प्रोजेक्ट बंद झालं, कंपनीने घरी बसवलं. मग तो खोलीतच बसला. डॉक्टरांना दाखवून झालं, औषधं सुरू झाली, पण दार उघडेना. ताट आत जायचं आणि तसंच बाहेर यायचं. एक दिवस तो आतून आईला म्हणाला, "मी नसतो तर तुमचं बरं चाललं असतं." आई ओट्याला धरून उभी राहिली. मी आत्यांना फोन केला.

त्या दोन बस बदलून भर उन्हात आल्या, आम्हाला दूर पिटाळलं आणि त्याच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. "सुहास, मी तुला बरं करायला आलेली नाही," त्या म्हणाल्या. "जावईबापूंच्या हॉलमध्ये टीव्ही फार मोठ्याने चालतो, म्हणून इकडे आले." आत्या स्वस्थ बसून राहिल्या. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारलं, "तू आत बसलायस कुठे? पलंगावर की खाली?"

आतून आवाज आला, "खाली."

"मीही खालीच बसायचे. पलंग फार उंच वाटायचा."

कडी वाजली. दार चार बोटं उघडलं. आत्या खुर्चीवरून उतरून फरशीवर बसल्या आणि साखर मागावी इतक्या सहज म्हणाल्या, "मरावंसं वाटतं का रे?" हॉलच्या दाराआडून ऐकत असलेला मी एक पाऊल पुढे आलो.

"वाटतं," सुहास म्हणाला.

"आत्ता?"

"आत्ता नाही."

"बरं. वाटलं की मला सांगायचं आणि डॉक्टरांनाही सांगायचं. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ, मी येते बरोबर. लपवायचं नाही, लपवून फार दमायला होतं." सुहास रडायला लागला. आत्यांनी त्याला गप्प केलं नाही.

त्यानंतर तो बुधवारी जाऊ लागला. वर्ष गेलं, नोकरी मिळाली, तरी बुधवार सुटला नाही. पुढे एका हॉस्पिटलने अशा, आजारातून गेलेल्या माणसांनाच ट्रेनिंग देऊन रुग्णांच्या सोबतीसाठी पगारावर घ्यायचं ठरवलं. आत्यांनी सुहासला पाठवलं. तो म्हणाला, "आत्या, तुम्ही हे फुकट केलंत, मी पैसे कसे घेऊ?" त्यावर आत्या उसळल्या, "घ्यायचे! फुकटच्या कामाला लोक पुण्य म्हणतात आणि विसरून जातात. उद्या हे प्रत्येक दवाखान्यात व्हायला हवं. मी काय सगळीकडे बस बदलत जाणार आहे?"

आणि मग आत्याच आजारी पडल्या. त्यांनीच फोन केला: "सुहास, माझी झोप उडालीय आणि मला कल्पना फार चांगल्या सुचतायत. येरवड्याच्या वेळीही असंच सुरू झालं होतं. लक्षण बरं नाही." ज्या बाईने आपला आजार उभ्या पुण्याला सांगितला, ती त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर पदराने तोंड झाकून बसली होती. "लोक म्हणतील, हिचंच ठिकाणावर नाही, ही दुसऱ्यांना काय सांभाळणार."

"कोण म्हणेल?" सुहासने विचारलं.

"मीच म्हणतेय."

तो नुसता त्यांच्या शेजारी बसून राहिला, नाव पुकारेपर्यंत.

आता आत्या नाहीत. बुधवारची बैठक हॉस्पिटलच्या मोठ्या हॉलमध्ये भरते, गाद्यांच्या खुर्च्या आहेत. मला मात्र आठवतो तो आत्या दवाखान्यातून घरी आल्यानंतरचा, जुन्या स्टुलांवरचा बुधवार. त्या वाळल्या होत्या. समोरची जागा त्यांचीच म्हणून आम्ही रिकामी ठेवली होती. तिकडे न बघता त्या मागे खिडकीपाशी गेल्या. तिथे एक मुलगी पर्स पोटाशी धरून अंग चोरून बसली होती. आत्यांना जागा देत ती घाईघाईने म्हणाली, "मी आज पहिल्यांदाच आलेय."

आत्या सावकाश तिच्या शेजारी टेकल्या.

"मीही," त्या म्हणाल्या.