रंगपटातला वेडा

प्रयोग संपला की प्रेक्षक आत रंगपटात नटांना भेटायला येतात. आमच्या नाटकात मी शहाणा धाकटा भाऊ आहे. दोन अंक मी घर सावरत असतो, सगळ्यांची समजूत काढत असतो. माझा मित्र वेडा थोरला भाऊ होतो. तो घरात छत्री उघडून जेवायला बसतो आणि पाहुण्यांना तोंडावर खरं सांगतो. भेटायला येणारा जो तो त्याच्याकडेच जातो. काल एका बाईंनी त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही किती हो ओरडता त्याच्यावर."

मी चेहऱ्यावरचा रंग पुसत राहिलो. वैताग येतो अशा वेळी. यांना वेडा का आवडतो, हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. आपण जे गिळून टाकतो ते तो बोलून दाखवतो, आणि पडदा पडल्यावर त्याला कुणाला घरी न्यावं लागत नाही. उद्या हाच माणूस शेजारी राहायला आला, तर पहिली तक्रार याच बाई करतील.

हे त्यांना सुनावावं असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "घरचे आलेत का आज?"

"आलेत ना, सगळे," मी म्हणालो.

माझा सख्खा थोरला भाऊ तेवढा आला नव्हता. त्याला मी पास देतच नाही. तो भर प्रयोगात उठून मोठ्याने बोलायला लागतो.