चार, पाच, सहा, सात

आमच्या रुग्णालयात केसपेपर निघायच्या आधी प्रत्येकाला एक प्रश्न ऐकावा लागे, आणि तो डॉक्टरांचा नसे. दारातल्या स्टुलावर बसलेला शिपाई आधी नाव विचारी, मग गाव, आणि मग थोडं पुढे वाकून म्हणे, "किती देवाचे?" तापानं फणफणलेला माणूसही या प्रश्नाला सरळ उत्तर देई. चार, पाच, सहा, नाहीतर सात. शिपायाचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण झाडूवालीपासून साहेबांपर्यंत सगळे त्याला कितीदेव भाऊच म्हणत.

मी वरोऱ्याची. नव्वदच्या दशकात वैनगंगेकाठच्या त्या गावी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले, तेव्हा माझी जीभ आतापेक्षाही तिखट होती. हा माणूस लोकांच्या जाती काढतो आहे असं वाटून मी पहिल्याच आठवड्यात त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो रागावला नाही. दुपारी चहा घेऊन लॅबमध्ये आला आणि मला शिकवायला बसला. गोंडांत प्रत्येक कुळाच्या देवांची संख्या ठरलेली असते. ज्यांची संख्या एक, ते सगळे एकमेकांचे भाऊबंद, मग आडनावं वेगळी का असेनात. त्यांच्यात सोयरीक होत नाही. "आडनावाचा अर्थ वेगळा राह्यते जी बाई. टेकाम म्हंजे साग, मरकाम म्हंजे आंबा. पण कोण कोणाचा, ते देवावरून समजते," तो म्हणाला. मग त्यानं मलाही विचारलं.

"शून्य," मी म्हटलं. "आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले."

मला वाटलं, आता गप्प बसेल. तो हसला. "शून्य त शून्य. तुमाले मालूम त आहे ना! तुमी सोडले. माह्ये त हरवले."

हजेरीपटावर त्याचं आडनाव मार्कंडे होतं. चारेक वर्षांचा असताना तो मार्कंड्याच्या जत्रेत हरवला होता. बांगड्यांचं दुकान मांडून बसलेल्या एका मनियार नवरा-बायकोला तो त्यांच्याच पालामागे झोपलेला सापडला. गोंडीशिवाय एक शब्द येत नव्हता. जत्रा उठली तरी ती दोघं तीन दिवस तिथंच थांबली. कोणी आलं नाही. मग त्यांनी त्याला घरी नेलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं, पण शाळेत घालताना त्या मनियार चाचांनी स्वतःचं आडनाव काही लावू दिलं नाही. पोर दुसऱ्याची अमानत आहे, कधीतरी त्याचे लोक येतील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा गुरुजींनी जिथं सापडला त्या गावावरून मार्कंडे लिहून टाकलं. "माह्यं आडनाव म्हंजे जत्रा," कितीदेव भाऊ म्हणे. आईचं त्याला एवढंच आठवत होतं की तिच्या मनगटावर ठिपक्यांची एक गोंदलेली रांग होती. रक्त घ्यायला मी एखाद्या म्हातारीचा हात धरला की हा माझ्या मागे येऊन उभा राही आणि मनगट पाहून निघून जाई. इतक्या वर्षांत आई कधीच गेली असणार, हे त्यालाही कळत होतं. तरी पाही.

त्याची दुसरी सवय मला बरेच दिवस माहीत नव्हती. रुग्णालयाच्या मागे पोस्टमार्टमची खोली होती. नदीत वाहून आलेला, रस्त्यात पडलेला, कधी जंगलात सापडलेला एखादा बेवारस देह तिथं येई. एकदा भर दुपारी मी किल्ली मागायला गेले, तर कितीदेव भाऊ एका अनोळखी मेलेल्या माणसाच्या कानाशी वाकून हळूहळू बोलत होता. "चार. पाच. सहा. सात." प्रत्येक आकड्यानंतर थोडा थांबत होता. मी किल्ली न मागताच मागे फिरले.

बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं, मेलेल्या माणसाला आपल्या देवांत जाऊन मिळावं लागतं. त्याचे लोक त्याला मिळवून घेतात, दगड उभा करतात. ज्याचे लोकच नाहीत, त्याला वाट कोण दाखवणार? "चारही आकडे सांगून देतो. आपला ऐकला की तो उठते अन् चालाले लागते. नाई त इथीच फिरत राह्यते." त्यानं खोलीमागच्या बेहड्याच्या झाडाकडे बोट दाखवलं. "दोघं-तिघं आहेत तिथी. माह्या यायच्या आधीचे. त्याईले कोणी सांगतलं नाई." मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई, पण त्यानंतर त्या झाडाखालून कधी गेले नाही.

"आणि तुमच्या कानात कोण सांगणार?" मी सहज विचारलं. तो त्या झाडाकडे पाहू लागला. त्याचा चेहरा पाहून मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी म्हणून गेले, "मी सांगेन, भाऊ."

फाटकासमोर मैनाबाईचं चहाचं दुकान होतं. गोंडाचीच, विधवा, पोर ना बाळ, आणि हसली की रस्त्यापलीकडे ऐकू जाई. कितीदेव भाऊचा सकाळचा चहा, दुपारची भाकर आणि संध्याकाळचा सगळा वेळ त्याच दुकानात जाई. त्याच्या शर्टाची बटणं ती लावून देई, तिच्या दुकानाची ताडपत्री तो शिवून देई. दोघांनी घर करावं असं साऱ्या गावाला वाटत होतं, मैनाबाईला तर वाटतच होतं. ती त्याला माझ्यासमोर म्हणायची, "काऊन रे, मी मेल्यावर आणतं का मले घरी?" तो मान खाली घाली. मागाहून एकदा मला म्हणाला, "करतो जी मी. पण ते बहीण निघाली त? मले माह्ये देव कुठी मालूम आहेत?" अशी दहा वर्षं गेली होती.

दोन हजारनंतर एका वर्षी दूरच्या मोठ्या शहरातून काही संशोधक आले. इथले लोक मुळात कुठून आले, कोणाचं कोणाशी नातं, हे त्यांना रक्तावरून शोधायचं होतं. आडनावं लिहून घेत, गावं लिहून घेत, आणि नसेतून रक्त मी काढून देई. कितीदेव भाऊनं त्या दिवशी धुतलेला शर्ट घातला होता. त्याचं रक्त नळीत भरताना त्यानं मला विचारलं, "याच्यातून देव निघतीन का, बाई?" मी त्या संशोधकांतल्या एका मुलीकडे पाहिलं. तिनं हसून मान हलवली. तिला प्रश्न कळलाच नव्हता. त्यानं ती मान हो अशी धरली.

पुढचे आठ-नऊ महिने पोस्टमन आला की हा स्टुलावरून उठे. शेवटी एक पत्र आलं, इंग्रजीत, रुग्णालयाच्या नावानं. आभार होते, आणि पुढे असं होतं की या भागातल्या लोकांची आईकडची वंशरेषा याच मातीत फार फार जुनी आहे. कुळ, गोत्र किंवा आडनाव याविषयी या तपासणीतून काहीही सांगता येणार नाही, असंही स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि मान वर केली. तो टेबलापलीकडे उभा होता, दोन्ही हात कडेला सरळ सोडून, शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तसा.

खरं सांगायला हवं होतं. पण मी त्या दहा वर्षांचा विचार केला. मैनाबाईच्या घरचे देव सहा, हे मला माहीत होतं. तिच्या केसपेपरच्या वेळी कितीदेव भाऊनंच मोठ्यानं सांगितलं होतं. मग सहा सोडून काहीही चालेल. मी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सात."

"सात?" त्यानं दोन्ही हातांची मिळून सात बोटं वर केली. मग ती सात बोटं तशीच धरून तो लॅबमधून बाहेर गेला. संध्याकाळी वॉर्डावॉर्डात बत्तासे वाटले. पत्र त्यानं माझ्याकडून मागून घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि खिशात ठेवलं. मी स्वतःवर इतकी खूश होते की लग्नात मैनाबाईला कोणतं लुगडं घ्यायचं तेही ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी तो आला आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरले. "वाचवलं तुमी, बाई," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "इतकी वर्षं भेवानं इचारलं नाई, काल इचारलं. मैनाचे माहेरचे देव सात. मोठं पाप होनार होतं माह्या हातून. माह्यी बहीण आहे ते."

मी खुर्चीत बसले. आमच्याकडे बाई लग्न होऊन गेली की तिचं कुळ नवऱ्याचं. ते सहा देव तिच्या मेलेल्या नवऱ्याचे होते. सोयरीक जुळवताना बाईचे माहेरचे देव पाहतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. देवांचं मला काय कळत होतं? चारांतला नेमका एक आकडा वाईट होता आणि मी तोच सांगितला होता.

चार दिवस मी कामावर जाऊन नुसती बसत होते. त्याला खरं सांगायचं असं रोज ठरवी आणि तो समोर आला की तोंड उघडत नसे. पाचव्या दिवशी दुपारी लॅब रिकामी असताना मैनाबाई आली. दुकान बंद करून आली होती. तिनं पदर सावरला, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि डाव्या हाताचं बोट टेबलावर ठेवलं.

"माह्यं बी रक्त पाहा, बाई. माह्ये सात नसतीन. माह्या मायले-बापाले कोणी मशीनवर पाह्यलं होतं का? चुकले असतीन ते."

चहाच्या भांड्यांनी भाजलेलं, काळं पडलेलं ते बोट मी हातात घेतलं, आणि मला रडू आलं. मग मी तिला सगळं सांगितलं. पत्रात काय होतं, मी काय वाचलं, का वाचलं. ती ऐकत होती. ती मला मारेल असं मला वाटलं, आणि तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं बोट काढून घेतलं. "त्याले सांगतलं काय?"

"नाही. आजच सांगते. तुमच्यासमोर सांगते."

"नका सांगू." ती उठली. "काल तो दुकानात बाकड्यावर झोपला. भर दुपारी, घोरून राह्यला होता. दहा वर्षांत मी त्याले असा झोपलेला नाई पाह्यला. त्या झाडाखालचे दिसत नाई म्हणते आता." दाराशी जाऊन ती थांबली. "मले नवरा पायजे होता, बाई. त्याले मानसं पायजे होती. त्याले भेटली. आता हिसकू नका."

पुढं जे केलं ते तिनंच केलं. जिवतीच्या डोंगरात तिचं माहेर होतं. ती त्याला घेऊन गेली आणि आपल्या भावांसमोर उभा करून म्हणाली, हा आपला, जत्रेत हरवलेला. म्हाताऱ्यांनी पुरावा मागितला. त्यानं पिशवीतलं इंग्रजी पत्र काढलं. ते तिथं कोणालाच वाचता आलं नाही, पण मैनाबाईनं सांगितलं की त्यात सात लिहिलं आहे. बकरा कापला, जेवण झालं, सात देवांसमोर त्याला बसवलं. तिथून तो आला तेव्हा दवाखान्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाई, मले कोणी तरी काका म्हणलं." त्या दिवसापासून मैनाबाई त्याला दादा म्हणू लागली. मी त्या दुकानात चहा प्यायला जाणं हळूहळू बंद केलं. तिचं हसू रस्त्यापलीकडे ऐकू येईना, ते मला सहन होत नव्हतं.

निवृत्तीनंतर तो मैनाबाईच्या माहेरच्या गावी राहायला गेला, आणि दोन वर्षांत वारला. निरोप उशिरा मिळाला, माती होऊन गेली होती. दगड उभा करायच्या दिवशी मात्र मी पोचले. उन्हात सात देवांच्या कुळाच्या दगडांची रांग होती, लहान-मोठे, काही कलंडलेले. शेवटी त्याचा, नवा. माणसं खूप जमली होती. एवढी माणसं त्याची आहेत हे पाहून मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, खरंच त्याची आहेत का? तो यांच्यातच आला असेल, की अजूनही त्या बेहड्याखाली उभा असेल, आपला आकडा कोणी सांगेल म्हणून?

मी तांदूळ वाहायला पुढे झाले. मैनाबाई दगडापाशी बसली होती, केस पांढरे झालेले. मी वाकले, दगडाला हात लावला आणि कबूल केल्याप्रमाणे हळूच म्हणायला लागले. चार. थांबले. पाच. थांबले. मैनाबाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी चारही आकडे का म्हणते आहे ते तिला कळलं. सहा, मी म्हटलं, आणि पुढचा आकडा मला म्हणता येईना.

"सात!" मैनाबाई ओरडली, सगळ्या माळाला ऐकू जाईल एवढ्यानं. "सात रे दादा, सात!"

माझ्या शेजारची म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, बहिणीची माया आहे.