चिकूचा गर

गाडी घाट चढत होती आणि नातू माझ्या मांडीवर बसून छोट्या पिशवीच्या तोटीतून चिकूचा गर चोखत होता. प्रवासाला निघताना माझी सून तो घरीच वाटून, गाळून भरून घेते. मी फळांचा व्यापारी. पण त्यासाठीचे चिकू ती आणते माझ्या दुकानासमोरच्या दुकानातून, तेही भाव न करता. हे मला कित्येक महिने सलत होतं.

शेवटी मी भडकलोच. "आपल्या दुकानातलं फळ बाळाला बाधतं का गं?"

"बाबा, तुम्ही घरी आणता तो डागी माल असतो," ती शांतपणे म्हणाली. "आपल्याला कडवट लागलं तर आपण थुंकतो. हा गिळून टाकतो."

आमच्या धंद्यात रीतच आहे, निवडक माल गिऱ्हाइकाला आणि दबलेला घरी. हातगाडीपासून दुकानापर्यंत आलो तो एकही फळ वाया न घालवता, याचा केवढा तोरा मला! ते वाया न जाता कुणाच्या पोटात गेलं, हे कधी मनात आलं नाही. माझी मुलंही तेच खाऊन वाढली. त्यांनी तक्रार केली नाही. माझ्या आवाजाला भीत असतील.

नातवाने पिशवी माझ्या तोंडाशी धरली. "आबा, मम्मम."

मी चाखलं. इतका गोड चिकू मी रोज हाताने निवडून विकतो. माझ्या घरात मात्र तो येत होता दुसऱ्याच्या दुकानातून.