माझ्या हातातलं अ‍ॅव्हरेज

आमच्या घरात एकच स्कूटर, तीही जुनी. तिचं अ‍ॅव्हरेज माझ्या हातात पडतं, असं आमच्या ह्यांचं ठाम मत. मी देवळाली प्रवराहून नऊ किलोमीटरवरच्या शाळेत पाचवीला गणित शिकवायला जाते. ह्यांचं दुकान घराखालीच. एका रविवारी ह्यांनी जाहीर केलं, की पेट्रोल फार जातंय, यापुढे शाळेत सोडायला आणि आणायला तेच येतील.

ऐकायला गोडच. पण पंधरा वर्षं मी माझ्या वेळेला निघते, वाटेत थांबून भाजी घेते, मैत्रिणीच्या ओट्यावर अर्धा तास बसते. ह्यांच्या मागे बसले की ते सगळं मिटलं. मी म्हटलं, आधी मोजून दाखवा, हरले तर बसेन मागे.

गॅरेजच्या मिस्त्रीने टाकीची नळी सोडवली आणि शंभर मिली पेट्रोलची बाटली हँडलला टांगून तिला जोडली. आधी हे गेले. गाडी बंद पडली तेव्हा पाच किलोमीटर झाले होते. मग पुन्हा तेवढंच पेट्रोल भरून मी निघाले. बरोबर चार किलोमीटरवर, दोन्हीकडे ऊस असताना, गाडीने मान टाकली. साडी खोचून ढकलायला लागले, तर वर्गातल्या एका मुलीचे वडील ट्रॅक्टरवरून वाकून म्हणाले, "बाई, पेट्रोल संपलं व्हय?"

"नाही, मोजतेय," मी म्हटलं.

ते बराच वेळ मागे वळून बघत होते.

तेवढ्यात मोटरसायकलवरून मागोमाग आलेल्या मिस्त्रीने मागच्या चाकाला हात लावला आणि चटका बसताच काढून घेतला. "बाई, तुमी ब्रेक दाबूनच गाडी चालवता का काय?"

दाबत नव्हते, नुसती बोटं ठेवत होते. पंधरा वर्षं. म्हणजे एका हाताने गाडी पळवायची आणि दुसऱ्याने तिला धरून ठेवायची. गॅरेजवर परतल्यावर मिस्त्रीने ब्रेक सैल केला, प्लग साफ केला, चाकांत हवा भरली. डिकीतून मी गेल्या वर्षीच्या वह्यांचा गठ्ठा काढला. बोटं आवरून पुन्हा गेले. साडेचार किलोमीटर. हरले ते हरलेच. ह्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

तीन दिवस मी मागे बसून गेले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात उभी राहून बघते, तर हे रिकामी गाडी घेऊन घराकडे चाललेले. दुपारी रिकामीच घेऊन येणार. दिवसाला चार खेपा! गणिताच्या बाईला हे कळायला तीन दिवस लागले, हे मुलांना सांगू नका.

चौथ्या दिवशी सकाळी हे हेल्मेट घालून तयार. मी जिन्यातच अडवलं.

"तुम्ही छत्तीस किलोमीटर चालवता, मी अठरा. तुमच्या हातात सातशे वीस मिली लागतं, माझ्या हातात चारशे."

हे बोटांवर मोजत बसले. एकदा, मग पुन्हा एकदा.

"पण अ‍ॅव्हरेज माझंच जास्त आहे," शेवटी म्हणाले.

"जास्तच आहे. चावी द्या."